बेळगावातल्या एका कॉलेजची इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग ब्रँच: साडेतीन स्टार, आणि दीड का कापले ते

सीईटीचा निकाल लागला की माझा फोन वाजायला लागतो. पाहुण्यातलं कोणीतरी, गल्लीतलं कोणीतरी, आमच्या शॉपमधल्या, म्हणजे कारखान्यातल्या, ऑपरेटरचं पोरगं, प्रश्न सगळ्यांचा एकच, मामा ही इंडस्ट्रियल म्हणजे काय असतंय, घेऊ काय नको, कॉम्प्युटर मिळत नाही, मेकॅनिकल मिळतंय पण पप्पा म्हणतात मेकॅनिकलला आता काय राहिलं नाही. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून टाकतो, पुढच्या वेळी हेच पाठवलं की झालं.

कॉलेजचं नाव घालत नाही. आत अजून ओळखीचे मास्तर आहेत आणि त्यांच्याशी बोलणं चालू ठेवायचंय मला. मी त्याच डिपार्टमेंटचा जुना विद्यार्थी, आता उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, एका कास्टिंग (लोखंड वितळवून साच्यात ओतायचं काम) आणि मशीनिंगच्या युनिटमध्ये प्रॉडक्शन प्लॅनिंग बघतो, आणि दरवर्षी तिथली पोरं आमच्याकडं प्रोजेक्टला येतात. म्हणजे माल आत कसा जातोय आणि बाहेर कसा पडतोय ते दोन्ही बघायला मिळतंय. मधल्या काळात या कोर्समध्ये बरंच काही बदललंय, सिलॅबस बदलला, लॅब झाली, नवीन विषय आले, भिंतीवर व्हिजन-मिशनचे बोर्ड लागले. त्यातलं कामाचं किती आणि रंगरंगोटी किती, तेवढंच सांगायचंय.

आधी ब्रँचबद्दल थोडक्यात, कारण निम्म्या आईबापांना वाटतंय की हे आयटीआयचं मोठं भावंड आहे. मेकॅनिकलवाला मशीन शिकतो, इंडस्ट्रियलवाला त्या मशीनभोवतीची माणसं, माल, वेळ आणि पैसा यांचा मेळ शिकतो. याची सुरुवात अमेरिकेत झाली. टेलरनं स्टीलच्या कारखान्यात स्टॉपवॉच घेऊन कामं मोजली, गिलब्रेथ नवराबायकोनं गवंड्याच्या एका विटेमागच्या १८ हालचाली पाचेकवर आणल्या, आणि १९०८-०९ च्या सुमारास पेन्सिल्व्हेनिया स्टेट कॉलेजात ह्यूगो डीमर नावाच्या प्राध्यापकानं याचा पहिला डिग्री कोर्स उभा केला. आपल्याकडं मुंबईत १९६३ ला याच विषयाची संस्था नीटी निघाली, तीच २०२३ पासून आयआयएम मुंबई झाली. तर ब्रँच काय कालपरवाची नाही, आणि 'स्कोप' आहे का असं विचारणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की जिथं माल बनतोय तिथं हा प्रश्न असतोच, फक्त त्या माणसाला तिथं काय नावानं बोलवतात ते बदलत राहतंय. आमच्याकडं त्याला पीपीसीवाला (प्रॉडक्शन प्लॅनिंग अँड कंट्रोल) म्हणतात आणि डिस्पॅच अडकला की शिव्या त्यालाच बसतात.

आता आमच्या वेळचं. पूर्वी इथली इंजिनिअरिंग कॉलेजं धारवाडच्या कर्नाटक युनिव्हर्सिटीखाली होती, १९९८ ला व्हीटीयू, म्हणजे राज्याची टेक्निकल युनिव्हर्सिटी, झाली, तिचं मुख्यालय इथंच मच्छेला आलं, आणि मी त्या सुरुवातीच्या वर्षांतला. सिलॅबस सगळ्या राज्याला एकच, बेंगळुरात जे तेच बेळगावात. एक उदाहरण देतो. ईओक्यू, म्हणजे एका वेळी किती माल मागवला तर सगळ्यात स्वस्त पडतंय त्याचा फॉर्म्युला, तो फोर्ड हॅरिसनं १९१३ ला मांडलाय. आम्ही तो दहा मार्कांना सोडवला, आमच्या पुढच्यांनी दहा मार्कांना सोडवला, आजही पोरं सोडवतात. फॉर्म्युला चुकीचा नाही की. पण उद्यमबागेत पिग आयर्न (भट्टीत वितळवायचं कच्चं लोखंड) आणि स्क्रॅप किती उचलायचं ते त्या दिवशीचा भाव, मालकाच्या कॅश क्रेडिटची, म्हणजे बँकेच्या उधारीची, लिमिट आणि गिऱ्हाइकानं मागचं पेमेंट टाकलंय काय नाही यावर ठरतंय. फॉर्म्युल्याची गृहीतकं कुठं मोडतात ते वर्गात एकदा तरी सांगायला पाहिजे होतं, कोणी सांगितलं नाही, नोकरीत कळलं.

लॅबचं तर विचारूच नका. वर्क स्टडी म्हणजे कामाची पद्धत आणि वेळ मोजायचा अभ्यास, त्याची लॅब म्हणजे एक खोली, त्यात लाकडी पिन बोर्ड, ३० भोकं आणि ३० पिना, एका हातानं भरायच्या मग दोन हातांनी भरायच्या आणि वेळ लिहायची. डेसिमल मिनिटाचं स्टॉपवॉच कपाटात, कपाटाची किल्ली एका अटेंडरकडं, आणि अटेंडर बहुतेक वेळा चहाला. दुसरा प्रयोग पत्त्यांचा. ५२ पत्ते चार ढिगांत अर्ध्या मिनिटात वाटले तर तो १०० टक्के वेग, त्यावरनं माणसाचा स्पीड डोळ्यांनी ओळखायला शिकायचं, त्याला रेटिंग म्हणतात. प्रयोग खरा आहे, जगभर करतात, पण घरी सांगितलं की आज कॉलेजात पत्ते वाटले, तर आमच्या पप्पांचं तोंड बघण्यासारखं झालेलं.

मग कॉलेज ऑटोनॉमस झालं आणि इथून खरा बदल सुरू होतो. ऑटोनॉमी मिळाली की कॉलेजचं स्वतःचं बोर्ड ऑफ स्टडीज असतं, त्यात युनिव्हर्सिटीचा माणूस असतो, बाहेरच्या कॉलेजचे तज्ज्ञ असतात, आणि नियमानुसार एक इंडस्ट्रीतला आणि एक जुना विद्यार्थीही असावा लागतो. हे बोर्डच ठरवतं काय शिकवायचं. आता बघा, इंडस्ट्रीतला माणूस म्हणून बेंगळुरातल्या सॉफ्टवेअर कंपनीचा मॅनेजर व्हिडिओ कॉलवर बसवला तर सिलॅबस एका दिशेला जातो, उद्यमबागेतला फाउंड्रीवाला (कास्टिंगवाला) किंवा हायड्रॉलिक्सवाला समोर बसवला तर दुसऱ्या दिशेला. आमच्या कॉलेजात दोन्ही प्रकार आलटून पालटून झालेत, आणि सिलॅबस बघितला की कुठला विषय कोणाच्या काळात आला ते जाणकाराला ओळखू येतंय.

चांगलं आधी सांगतो. वर्क स्टडी आता लवकर शिकवतात, पूर्वी पोरगं स्टॉपवॉच हातात घ्यायचं तोवर शेवटचं वर्ष आलेलं असायचं. ऑपरेशन्स रिसर्चमधली (गणितानं सगळ्यात फायद्याचा निर्णय काढायचा विषय) कोष्टकं हातानं सोडवून वही भरायची ती पद्धत कमी झाली, आता एक्सेलच्या सॉल्व्हरवर करतात आणि उत्तराचा अर्थ काय ते विचारतात, सिंप्लेक्स ही त्यातली रीत १९४७ ला डँट्झिगनं काढली तेव्हा कॉम्प्युटर हाताशी नव्हता म्हणून आपणही हातानंच करत बसायचं असं काही नाही. एर्गोनॉमिक्सची, म्हणजे माणसाच्या शरीराला काम कसं झेपतंय ते बघायची, लॅब खरोखर चांगली झालीय. उजेड मोजायचं लक्स मीटर आहे, आवाज मोजायचं मीटर आहे, पेडल मारत हार्टरेट बघायची सायकल आहे, शरीराची मापं घ्यायचा सेट आहे, आणि मुख्य म्हणजे कपाट उघडं असतंय. मागं एक ग्रुप ते आवाजाचं मीटर आमच्या फेटलिंगमध्ये, म्हणजे कास्टिंग घासून साफ करतात तिथं, घेऊन आला आणि ग्राइंडरजवळचे आकडे बोर्डावर लिहून ठेवले, त्यानंतर इअरप्लग मागायला पोरं आपणहून स्टोअरला जायला लागली, मी सांगून दमलो होतो. सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर पण घेतलंय. लायसन मोजक्या मशीनवर, त्यामुळं परीक्षेच्या आधी नंबर लावून बसावं लागतंय, तरी आहे हे महत्त्वाचं.

आता वाईट. २०१८ ला एआयसीटीईनं, म्हणजे इंजिनिअरिंग कॉलेजांवरच्या केंद्रीय परिषदेनं, मॉडेल सिलॅबस काढला आणि चार वर्षांचे क्रेडिट १६० वर आणले. ठीक आहे, पोरांवरचा बोजा कमी करायचा होता. पण बोजा कमी करताना काय कापायचं ते कॉलेजच्या हातात होतं, आणि यांनी कापलं काय, तर फाउंड्री! मर्दा, बेळगावात बसून फाउंड्री कापली! पूर्वी कास्टिंगचा पूर्ण पेपर होता, वाळूच्या टेस्टची वेगळी लॅब होती, ओलावा बघायचा, परमिअॅबिलिटी, म्हणजे वाळूतनं गॅस किती निघून जातो ते, बघायची, स्ट्रेंथ बघायची. आता ते सगळं एका मॅन्युफॅक्चरिंगच्या पेपरातले दोन युनिट झालेत आणि मोकळ्या झालेल्या जागेत इंडस्ट्री ४.० नावाचं इलेक्टिव्ह आलंय. त्यात आयओटी, बिग डेटा, डिजिटल ट्विन, सगळ्यांच्या व्याख्या आहेत. एकही सेन्सर पोरांनी हातात धरलेला नाही.

यानं नुकसान काय होतंय ते सांगतो, नाहीतर म्हातारा कुरकुर करतोय असं वाटायचं. मागच्या बॅचमधला एक हुशार पोरगा, पायथन चांगलं येतंय, आमच्या रिजेक्शनचा डेटा घेतला आणि सुंदर परेटो चार्ट (कुठला दोष किती ते उतरत्या पट्ट्यांत दाखवणारा) काढून आणला, रंगीत. पहिली उभी पट्टी सगळ्यात उंच, खाली लिहिलंय 'सरफेस डिफेक्ट'. मी त्याला यार्डात नेलं आणि टाकलेल्या मालाच्या ढिगातले तुकडे हातात दिले. एकावर गुळगुळीत गोल खड्डे, तो ब्लो होल, आत गॅस अडकला, वाळू जास्त ओली असेल किंवा कोअरमधनं (आतली पोकळी ठेवायला साच्यात घातलेला वाळूचा तुकडा) गॅस निघाला असेल. दुसऱ्यावर वेडावाकडा खड्डा आणि त्यात वाळू, ते सँड ड्रॉप, साच्याचा बॉक्स बंद करताना वाळू पडली किंवा ठोकलीच नीट नव्हती. तिसऱ्यावर बारीक रेघ, दोन्ही बाजूनं आलेलं लोखंड जुळलंच नाही, ते कोल्ड शट, मेटल थंड होतं. या तिघांची कारणं वेगळी, माणसं वेगळी, उपाय वेगळे, आणि यानं तिघांना एकाच पट्टीत घातलेलं. चार्ट बरोबर, गणित बरोबर, आणि त्या चार्टवर एक रुपयाचा निर्णय घेता येत नाही. पोराचा दोष नाही त्यात. त्याला तुकडा कोणी दाखवलाच नव्हता.

म्हणून माझं म्हणणं असं की या कोर्सचा जीव शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये आहे आणि बाकी सगळं त्याच्या आजूबाजूला आहे. जी बॅच उद्यमबागेत किंवा मच्छेला खऱ्या शॉपमध्ये प्रोजेक्ट करते ती चार वर्षांचं वसूल करते, जी बॅच कॅम्पसमध्ये बसून करते ती डिग्री घेऊन जाते. कॉलेजनं मागच्या काही वर्षांत याचं एक चांगलं केलंय, शेवटच्या सेमिस्टरला क्लासेस जवळजवळ नाहीतच, पोरांना आठवड्याचे सगळे दिवस कंपनीत राहता येतंय. आमच्या वेळी शनिवारी एक फेरी मारायची आणि झेरॉक्सच्या दुकानात रिपोर्ट बांधायचा.

एक प्रोजेक्ट सविस्तर सांगतो म्हणजे कळेल. एक मुलगी कडोलीची आणि एक पोरगा निपाणीचा, दोघं मिळून आमच्या मोल्डिंगला, म्हणजे वाळूचे साचे बनवतात तिथं, आले. मालकांचं म्हणणं होतं मोल्डिंगवाले स्लो आहेत, बॉक्स कमी पडतात, दुपारनंतर फर्नेस मेटल घेऊन तयार आणि ओतायला बॉक्स तयार नाहीत. पोरांनी टाइम स्टडी सुरू केला. मोल्डिंगला आमचे एक तात्या आहेत, खानापूरकडचे, कामात कोणाला ऐकणारे नाहीत. पोरगी घड्याळ घेऊन उभारली की तात्यांचा हात जड व्हायचा, वाळू चाळतायत, पॅटर्न पुसतायत, परत पुसतायत. ती म्हणाली, "तात्या, नेहमीसारखं करा की, मी काय तुमच्यावर रिपोर्ट लिहायला नाही आले." तात्या म्हणाले, "अगं पोरी, घड्याळ धरून उभारलीस तर नेहमीसारखं कसं होईल सांग बघू? तुझा स्वयंपाक करताना मी घड्याळ धरतो मग बघ." ती म्हणाली स्वयंपाक मला येतच नाही. तात्या हसले, आणि तिथनं पुढं काम सुरळीत झालं, चहाच्या वेळी ती आकडे त्यांना दाखवायची आणि हे आकडे बरोबर आहेत काय ते विचारायची. हे कुठल्या पुस्तकात नाही, पण टाइम स्टडीत याच्याशिवाय बाकीचं सगळं वाया.

गणित सोपंय. समजा एका कामाची मोजलेली सरासरी वेळ २ मिनिटं, माणूस जरा फास्ट आहे, रेटिंग ११०, तर बेसिक टाइम २.२ मिनिटं, त्यावर थकवा-विश्रांतीसाठी १५ टक्के अलाउन्स, स्टँडर्ड टाइम झाला २.५३ मिनिटं. अलाउन्सचे आकडे पोरांना पाठ असतात, पर्सनल पुरुषाला ५ टक्के, बाईला ७, थकव्याचे ४. पण मेच्या दुपारी फर्नेसच्या बाजूला बॉक्स उचलणाऱ्या माणसाला कोष्टकातले टक्के पुरतात काय, हे त्या पोरीनं आपणहून विचारलं आणि गरमीचा वेगळा अलाउन्स का धरला ते रिपोर्टमध्ये लिहिलं. त्या एका पानासाठी मी तिला नोकरी दिली असती.

तर निघालं काय? तात्या आणि त्यांची टीम स्लो नव्हतीच मुळी. दिवसाचा मोठा हिस्सा ते कोअरची वाट बघत होते. कोअरशॉपवाले आपल्या सोयीनं एकाच साइजचे कोअर भराभर काढून ठेवायचे, कारण कोअर बॉक्स बदलायचा कंटाळा, आणि मोल्डिंगला त्या दिवशी लागायचे दुसरेच. त्यात क्रेन एकच, ती नॉकआउटला, म्हणजे साचे फोडून माल काढायला, अडकलेली. निपाणीच्या पोरानं शॉपचा नकाशा काढून क्रेन आणि ट्रॉली कुठनं कुठं जाते त्याच्या रेघा मारल्या, कागद काळा झाला. उपाय काय केला तर कोअरशॉपमध्ये एक फळा लावला, उद्याच्या हीटला (एका वेळी वितळवलेल्या मेटलला) कुठले जॉब कुठल्या क्रमानं ओतायचे ते आदल्या संध्याकाळी खडूनं लिहायचं. खर्च फळ्याचा आणि खडूचा. दुपारनंतर रिकामं बसणं दिसण्याइतकं कमी झालं, आणि मालकांनी त्यानंतर 'स्लो' हा शब्द काढलेला नाही.

मग त्याच दोघांनी जाता जाता फेटलिंगपुढच्या ढिगाचंही सांगितलं. लिटलचा नियम म्हणून एक आहे, मध्ये पडलेला माल म्हणजे रोजचा उपसा गुणिले लागणारे दिवस. फेटलिंगपुढं ६०० नग पडलेत आणि रोज १०० निघतात, तर आज आलेला नग सरळ रांगेनं गेला तर सहा दिवसांनी बाहेर पडणार, मग गिऱ्हाइकाला फोनवर "परवा देतो" म्हणायचं कशाच्या जोरावर? इतकं साधं आहे हे. आमच्या सेल्सवाल्याला ते अजून पटलेलं नाही तो भाग वेगळा.

आता या प्रोजेक्टचं कॉलेजात काय झालं बघा. बाहेरनं आलेले एक्झामिनर म्हणाले यात नॉव्हेल्टी काय आहे, फळाच लावलाय. त्याच दिवशी दुसऱ्या ग्रुपनं इंटरनेटवरनं उतरवलेल्या फोटोंवर कास्टिंगचे डिफेक्ट ओळखणारं मशीन लर्निंगचं मॉडेल दाखवलं, त्यांना जास्त मार्क. मॉडेल वाईट नव्हतं, पण त्या पोरांनी फाउंड्री आतनं बघितली नव्हती. अर्धा स्टार मी इथं कापला. कॉलेजनं सिलॅबस बदलला, लॅब बदलली, पण मार्क कशाला द्यायचे ते डोक्यातनं बदललेलं नाही.

दुसरा अर्धा कापला तो कागदांसाठी. भारत २०१४ ला वॉशिंग्टन अकॉर्डचा (एकमेकांच्या इंजिनिअरिंग डिग्र्या मानायचा देशांचा करार) कायम सदस्य झाला, त्यामुळं कोर्स तपासून मान्यता देणाऱ्या एनबीएचं टियर-१ अॅक्रेडिटेशन असलेल्या कोर्सला बाहेरच्या देशात मान मिळतो, चांगली गोष्ट आहे, नाव ठेवण्यासारखं काही नाही. पण त्यासाठी प्रत्येक विषयाचे सीओ (त्या विषयातनं काय यायला पाहिजे), त्यांचं पीओशी (सगळ्या डिग्रीतनं काय यायला पाहिजे) मॅपिंग, प्रत्येक प्रश्नाला कुठला सीओ ते लिहायचं, मग सर्व्हे, मग अटेनमेंटचं कोष्टक, आणि कमिटी येणार म्हटलं की सहा महिने मास्तर लोक फायली शिवत बसतात. मला दरवर्षी एक फॉर्म येतो, आमच्या विद्यार्थ्यांबद्दल एक ते पाच मध्ये मत द्या. मी खाली मोकळ्या जागेत लिहितो, फाउंड्रीचा पेपर परत आणा. तिथं काय लिहिलंय ते कोणी वाचत नसावं, कारण पुढच्या वर्षी फॉर्म तसाच येतो. गंमत अशी की हे सगळं क्वालिटी मॅनेजमेंटच आहे, शुहार्टनं १९२४ ला पहिला कंट्रोल चार्ट काढला तो याच विचारानं की आकडे बघून प्रोसेस सुधारायची, आणि हे डिपार्टमेंट तोच विषय शिकवतं, फक्त स्वतःच्या प्रोसेसवर लावत नाही.

मास्तरांबद्दल. एक सर असे आहेत की स्वतःचे सेफ्टी शूज गाडीच्या डिकीत असतात, फोन केला की तासाभरात शॉपमध्ये हजर, ऑपरेटरला कानडीतनं, मालकांना मराठीतनं, ओडिशाच्या पोरांना हिंदीतनं बोलून माहिती काढणार. अशा माणसाखाली प्रोजेक्ट मिळालं तर डोळे झाकून घ्या. एक मॅडम आहेत स्टॅटिस्टिक्सच्या, कडक, पण मिनिटॅब सॉफ्टवेअरचा आउटपुट नुसता चिकटवलेला चालत नाही त्यांना. बाकी बरेच तरुण मास्तर येतात, पीएचडी होईपर्यंत राहतात आणि जातात, त्यांचाही दोष नाही, पगार बघितला तर आमच्या शॉपमधला मशीन लावून देणारा सेटर बरा. उरलेला अर्धा स्टार या येण्याजाण्यापायी गेला, कारण दर दोन वर्षांनी नवीन माणसाला उद्यमबाग पहिल्यापासून दाखवावी लागतेय.

इंडस्ट्रियल व्हिजिट हा प्रकार तर बंदच करा असं माझं मत आहे. चोर्ला घाटानं गोव्याला जायचं, सकाळी एका बॉटलिंग प्लांटमध्ये तासभर काचेतनं बघायचं आणि मग बीच. अरे, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ ला याच बेळगावात सायकलचं दुकान काढलं, मग कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर केले, नगरपालिकेनं जागा खाली करायला लावली आणि १९१० ला औंध संस्थानात कुंडलच्या माळावर जाऊन कारखाना आणि गाव दोन्ही एकदम वसवलं. प्लांट लेआउट शिकवायला याच्यापेक्षा चांगला धडा कुठला पाहिजे? सकाळी इथनं निघालं तर किर्लोस्करवाडी बघून संध्याकाळी घरी. इथं किर्लोस्कर रोडवर खरेदीला जाणाऱ्या कितीतरी पोरांना हे नाव का पडलं तेच माहीत नसतंय.

प्लेसमेंट. खरं सांगतो, कॅम्पसला येणाऱ्या कंपन्यांत सॉफ्टवेअरवाल्यांची गर्दी जास्त, आणि इंडस्ट्रियलची पोरं पण तिकडं जातात, एक्सेल आणि स्टॅटिस्टिक्स येतंय म्हणून अॅनालिस्ट म्हणून घेतात. कोअरमध्ये, म्हणजे कारखान्याच्याच नोकरीत, जायचं असेल तर पुणे, होसूर, बिडदी ही नेहमीची ठिकाणं. जवळचं बघायचं तर हत्तरगीला एकस कंपनीचा एसईझेड (खास औद्योगिक क्षेत्र) आहे, विमानाचे पार्ट बनतात, तिथं प्रोसेस प्लॅनिंग, क्वालिटी, लीन (वाया जाणारं कमी करायचं काम), सगळ्याला माणूस लागतो आणि रोज बेळगावहून जाऊन येता येतंय. उद्यमबागेतल्या छोट्या युनिटमध्ये सुरुवातीचा पगार कमी असतो, मालक इंजिनिअर म्हणून घेतात आणि पहिलं वर्षभर डिलिव्हरी चलन लिहायला लावतात. पण दोन वर्षं दात खाऊन काढली तर सगळा कारखाना डोक्यात बसतो, मोठ्या कंपनीत दहा वर्षं एकाच लाइनवर राहून ते होत नाही. मुलींच्या पालकांनी घाबरू नये, आमच्याकडं आलेल्या मुलींचं काम पोरांपेक्षा नीटनेटकं असतंय आणि शॉपमध्ये त्यांना कोणी वेडंवाकडं बोललेलं मी ऐकलेलं नाही.

सीमाभागातल्या पोरांसाठी दोनचार गोष्टी. दहावीपर्यंत मराठी माध्यम असेल तर पहिलं वर्ष इंग्लिशमुळं जड जातं, पण पीयूसी (कर्नाटकातली अकरावी-बारावी) केलेल्यांना एवढं जाणवत नाही. पहिल्या वर्षी बळके कन्नड नावाचा एक क्रेडिटचा विषय असतो, कानडी न येणाऱ्यांसाठी, त्याला नाक मुरडू नका, शॉपमध्ये सुपरवायझर हुक्केरीचा निघाला तर तेवढंच कामाला येतंय. चंदगड-गडहिंग्लजकडची पोरं विचारतात की आम्हाला केसीईटीतनं, म्हणजे कर्नाटकच्या सीईटीतनं, मिळेल काय, तर कर्नाटकात सात वर्षं शिकलेलं असावं ही मुख्य अट आहे, बाकीची कलमं नीट वाचा, नाहीतर कॉमेडके (खाजगी कॉलेजांची वेगळी परीक्षा) किंवा मॅनेजमेंटचा रस्ता, आणि एवढे पैसे घालायचे असतील तर कोल्हापूर-सांगलीकडची कॉलेजं पण बघून या. कॅन्टीन ठीक. पार्किंग कमी. बसनं येणार असाल तर रेल्वे गेटची वेळ धरून घरातनं निघा.

एक धोका मात्र आहे. २०२४-२५ पासून एआयसीटीईनं चांगल्या कॉलेजांना एका ब्रँचमध्ये किती सीटा घ्यायच्या यावरची मर्यादा काढली, तेव्हापासून सगळीकडं कॉम्प्युटरच्या सीटा वाढतायत आणि मेकॅनिकलसारख्या कोअर ब्रँच अर्ध्या रिकाम्या. आमच्या कॉलेजातही मॅनेजमेंटमध्ये कुजबुज आहे की इंडस्ट्रियलच्या नावापुढं एआय किंवा डेटा सायन्स असं काहीतरी जोडायचं म्हणजे सीटा भरतील. जोडा बापडे. पण त्या नावासाठी अजून दोन खरे विषय कापले तर मी हे तीन स्टारवर आणणार.

अॅडमिशनच्या आधी कॉलेज बघायला जाल तेव्हा रिसेप्शनवरच्या टीव्हीवर काय चाललंय ते बघू नका, तिथं ड्रोन आणि रोबोच असतात. सरळ डिपार्टमेंटमध्ये जा आणि मागच्या तीन वर्षांचे प्रोजेक्ट रिपोर्ट मागा, लायब्ररीत असतात, कोणी नाही म्हणत नाही. त्यात कंपनीचं सर्टिफिकेट किती रिपोर्टला जोडलंय ते मोजा. मग एखादा रिपोर्ट उघडून फोटो बघा, फोटोतला माणूस त्याच कंपनीतला, घामेजलेला, मागं खरं मशीन असं असेल तर ठीक. सगळे फोटो स्वच्छ आणि इंग्रजी मथळ्यांचे असतील तर काय ते समजून जा. आणि थर्ड इयरच्या एखाद्या पोराला गाठून विचारा, बाबा शेवटचं कास्टिंग हातात कधी धरलंस?

एवढं बघून पोरगं तरीपण घ्यायचं म्हणत असेल तर घ्या. मेकॅनिकल का इंडस्ट्रियल असा प्रश्न असेल आणि पोराला माणसांत मिसळायला आवडत असेल, चारचौघांत बोलून काम काढून घ्यायची सवय असेल, तर मी इंडस्ट्रियल म्हणेन. एकटं बसून डिझाइन करायला आवडणाऱ्यानं मेकॅनिकल घ्यावं, इथं कंटाळेल.

आणि जे आधीच तिथं फायनल इयरला आहेत त्यांच्यासाठी, यंदा आमच्याकडं फेटलिंगचा प्रॉब्लेम आहे, दोन जणांना घेऊ. सरांमार्फत या, थेट गेटवर येऊन उभारू नका, वॉचमन आत सोडणार नाही. सेफ्टी शूज आपापले आणायचे, आमच्या स्टोअरला फक्त आठ नंबरचे शिल्लक आहेत.